वाल्व्ह माझ्या कपाटात होते

सुरुवातीलाच सांगतो, भूत, भानामती, आत्मा-बित्मा या प्रकारांशी माझं कधी जमलं नाही. जुन्नरला माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतकरी जळालेली मोटर आणून टाकतो आणि म्हणतो, "भाऊ, काल अमावस्या व्हती, म्हणून जळली." मी म्हणतो, "अमावस्येनं नाय, एक फेज गेल्यानं जळली." करंट असतो किंवा नसतो, माझी श्रद्धा एवढीच. या सदरातले अनुभव मी आजवर चहा पिताना हसायला म्हणून वाचत आलो. पण गेल्या वर्षी जे झालं त्याचं काय करायचं ते मला कळत नाही... बायको म्हणाली, लिहून टाका एकदाचं, म्हणजे माझं डोकं तरी खाणार नाही.

मला हॅम रेडिओचा नाद आहे. म्हणजे सरकारी परवाना काढून घरच्या सेटवरून दुसऱ्या परवानाधारकांशी बोलायचं. आजकाल तळहातावर मावतील असे सेट मिळतात. पण जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यातले आम्ही सात-आठ जण वेडे — आम्हाला काचेच्या वाल्व्हचे जुने AM सेटच लागतात. लोखंडी कपाटाएवढी पेटी, आत बल्बासारखे पेटणारे वाल्व्ह, चालू केल्यावर तापायची वाट बघायची. दर रविवारी सकाळी ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर आम्ही जमतो. ज्याचा नंबर येईल त्यानं बोलायचं, 'ओव्हर' म्हणायचं, की पुढचा. आणि बोलणं काय, तर तुमचा आवाज जरा जाड येतोय, कॅरियर हलतोय, मागे घरघर आहे. माणूस काय म्हणतोय यापेक्षा तो कसा ऐकू येतोय, याचीच आम्हाला पडलेली.

आमच्यात सगळ्यांत ज्येष्ठ पेठचे बापू. टेलिफोन खात्यातून निवृत्त, हायवेपासून थोडं आत घर. त्यांच्या सेटला एक बारीक घरघर होती. दुरुस्त करा म्हटलं की म्हणायचे, "राहू द्या राव, त्यावरनं तर तुमी मला वळखता." बोलायची पद्धत त्यांनीच घालून दिलेली. आधी हवामान, मग तब्येत, शेवटी रेडिओचं. हवामान आणि तब्येत चालू असताना आम्ही बाकीचे चहा आणायला उठायचो, हे मात्र खरं.

दिवाळीनंतर बापूंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. 'हं'सारखा एक आवाज सोडला तर तोंडातून काही नाही. घरी मुलगा आणि सूनबाई — सुरेखावहिनी. बापूंची खुर्ची सेटशेजारी असायची आणि ते डाव्या हातानं बटणं चाचपडायचे. वहिनींनी मला फोन केला, "भावजी, त्या पेटीत करंट लई असतो म्हणत्यात. कायतरी करा, मला भ्या वाटतं." मी जाऊन सगळे वाल्व्ह काढले, एका जुन्या पायमोज्यात गुंडाळून घरी आणले आणि कपाटात ठेवले. गच्चीवरची अँटेनाची तारही उतरवून खिळ्याला वेटोळं करून टांगली. म्हणजे त्या सेटमध्ये आता पत्रा तेवढा उरला होता.

त्यानंतर काही आठवड्यांनी बापूंनी खाणं सोडलं. चमचा तोंडाशी नेला की मान फिरवायचे, ताट ढकलायचे. मंचरचे डॉक्टर म्हणाले, झटक्यानंतर माणूस मनानं खचतो, असं होतं. गोळ्या दिल्या. फरक पडेना. शेवटी ते म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि या वयात एकदा नळी लागली की... मी भेटायला गेलो तर शर्ट खांद्यावर लोंबत होता. फार वाईट वाटलं.

आणि त्याच आठवड्यातला रविवार. सगळ्यांचं बोलून झालं होतं, मी सेट बंद करणार, तेवढ्यात मीटरची सुई उठली. आधी ती घरघर आली. मग आवाज.

"पेठ. हवामान — आभाळ हाय, वारा न्हाई. सकाळपास्नं लाइट बी न्हाई. तब्येत — उजवा हात उठत न्हाई. खालच्या डाव्या दाढंला लई ठणका हाय, घास लावू दीना. रेडिओ — सध्या बंद हाय. ओव्हर."

बापूंचा आवाज. कॉल साइन, म्हणजे परवान्याचा नंबर, त्यांचाच. मी तो इथे देत नाही. सुई खाली पडली. मग सगळे एकदम बोलले आणि नुसत्या शिट्ट्या वाजल्या, कारण AM वर दोघं एका वेळी बोलले की शिट्टीच ऐकू येते.

मी घाबरलो नाही. मी भडकलो! दुसऱ्याचा कॉल साइन वापरणं हा गुन्हा आहे, परवाना जातो. आणि आजारी माणसाची अशी थट्टा? कोण करणार हेही मला लगेच कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं. ओतूरचे कांतीशेठ. त्यांचं कापडाचं दुकान आहे. आजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठ आमच्याहून अस्सल ओतूरकर. आमच्या रविवारच्या गप्पा ते वर्षानुवर्षं कॅसेटवर टेप करत आलेत, दुकानाच्या माळ्यावर खोकीच्या खोकी भरलीत. इकडचा शब्द, तिकडचा शब्द जोडला की झाले बापू तयार. घरघरीसकट! कारणही होतं. वहिनी मला म्हणाल्या होत्या की बापूंचा सेट तुम्हीच घेऊन जा, आणि ते शेठना लागलं होतं. बापूंच्या सेटवर त्यांचा फार दिवसांचा डोळा.

मी फोन करून आडून विचारलं, "शेठ, जुन्या कॅसेटी ऐकता का हल्ली?"

तेही काही कमी नाहीत. म्हणाले, "माझ्या कॅसेटी राहू द्या भाऊ. वाल्व्ह कुणाच्या घरी हायेत, ते सांगा."

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. हवामान, तब्येत, दाढ, रेडिओ बंद, ओव्हर. या वेळी आम्ही तयारीत होतो. कुणी सिग्नल मोजला, कुणी घरघरीची पट्टी तपासली, कुणी म्हणालं टेप असती तर मागे सूं-सूं आली असती, कुणी म्हणालं कॉम्प्युटरवर आजकाल काहीही करता येतं. दुपारपर्यंत फोनवर भांडणं चालली. निम्मे लोक शेठवर संशय घेत होते, निम्मे माझ्यावर. एवढ्या वर्षांची मैत्री, पण कुणाचा कुणावर विश्वास राहिला नाही. तिकडे बापूंना दहा दिवसांनी, बुधवारी, नळी घालायचं ठरलं होतं.

मग मी एक डाव टाकला. तिसऱ्या रविवारी शेठना सकाळीच माझ्या घरी बोलावलं. म्हटलं, दोघं मिळून ऐकू. म्हणजे चोर डोळ्यांसमोर बसलेला बरा. शेठ लगेच तयार झाले, तेव्हा मला कळायला हवं होतं की तेही माझ्याबद्दल हाच विचार करून आलेत. एरवी बायको — मंगल — रविवारी बाजाराला जाते. पाहुणा येणार म्हणून त्या दिवशी ती घरी थांबली. शेठना कांदा चालत नाही, म्हणून बिनकांद्याचे पोहे करत होती.

शेठनी मोबाइल काढून टेबलावर ठेवला. मी माझाही ठेवला. त्यांनी माझ्या सेटची वायर हातानं ओढून बघितली. मी त्यांची पिशवी तपासावी का, असा विचार करत होतो, एवढ्या थराला आम्ही गेलो होतो. सगळ्यांचे नंबर झाले. आणि सुई उठली.

"पेठ. हवामान — ऊन हाय, गार वारा हाय. तब्येत — दाढंचा ठणका आता कानापतुर गेलाय. त्वांड उघडवत न्हाई. सूनबाई चमचा लावती, लागतो, मी ताट लोटतो, ती रडती. तिची चूक न्हाई. रेडिओ — सध्या बंद हाय. ओव्हर."

शेठ माझ्याकडे बघत होते आणि मी शेठकडे. दोघांचे हात टेबलावर. त्यांचं तोंड पडलं होतं, माझंही पडलंच असणार. शेठ हळूच म्हणाले, "कपाट उघडा." मी उघडलं. पायमोजा होता, आत सगळे वाल्व्ह होते. शेठनी एकेक हातात घेऊन बघितला. थंडगार.

"मग तुमचा दुसरा कुणीतरी माणूस असंल," ते म्हणाले.

"माझा? तुमचा असंल!"

"आता घरघर बघा की, मूळ घरघरीपेक्षा जरा—"

तेवढ्यात मंगल कढई तशीच ठेवून बाहेर आली. हातात झारा. "अहो, तुम्हाला कान आहेत का?" ती म्हणाली. "ते दाढ दुखतीय म्हणतायत. तुम्ही दोघं घरघर काय मोजताय?"

 दोन रविवार आम्ही सात-आठ जाणत्या माणसांनी तो आवाज उलटासुलटा तपासला होता. ऐकला मात्र कुणीच नव्हता.

"अगं, कुणाची तरी थट्टा असेल..." मी म्हणालो.

"असू द्या थट्टा. दाढ बघायला पैसे पडतात का? फोन लावा पेठला."

फोन कुणी उचलेना. मग शेठच म्हणाले, "गाडी काढा भाऊ." नारायणगाव, मंचर करत आम्ही पेठला पोचलो. वाटेत मी आरशातून शेठकडे लक्ष ठेवून होतो, आणि खरं सांगतो, तेही माझ्यावर.

वहिनी अंगणात होत्या. मी आधी गच्चीवर गेलो. तार खिळ्याला तशीच, वेटोळ्यावर कोळ्याचं जाळं. सेट उघडला, वाल्व्हच्या जागा रिकाम्या, आत धूळ. मी बोट फिरवून बघितलं. शेठनी पण फिरवलं.

बापू खुर्चीत होते. मी समोर उकिडवा बसलो आणि कसंबसं विचारलं, "बापू... दाढ दुखतीय का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. डावा हात उचलून गालावर ठेवला. वहिनींनी मोबाइलच्या उजेडात तोंडात बघितलं, दोनदा प्रयत्न केल्यावर बापूंनी ते कसंबसं उघडलं. खालची डावी बाजू सुजून टम्म झाली होती. वहिनी म्हणाल्या, "मी रोज चमचा तिथंच लावत व्हते हो... मला वाटलं रुसल्यात."

शेठनी ओळखीच्या दाताच्या डॉक्टरला मंचरला रविवारचा दवाखाना उघडायला लावला. दाढेखाली पू झाला होता, औषधं दिली, सूज उतरल्यावर दाढ काढली. बुधवारी नळी घातली नाही. त्या बुधवारी बापूंनी वाटीभर पातळ खिमट खाल्लं आणि वहिनींनी मला फोनवर ते तीनदा सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, झालं की. पण मी रिवाइंडिंगवाला आहे, वायर कुठून कुठे गेलीय हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. पहिल्या रविवारी पेठला लाइट खरंच नव्हती, मी चौकशी केली. शेठनी कुणाला तरी हाताशी धरलं असेल, असंही धरून चाललो. पण दाढेचं त्यांना कोण सांगणार? घरच्यांनाच माहीत नव्हतं. त्या दिवसांत शेठ पेठला एकटे आले होते का, असं मी वहिनींना हळूच विचारलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "न्हाई भावजी. पर कालच शेठ बी इचारत व्हते, तुमी एकटं आलता का म्हणून."

संशय पूर्ण गेला, असं मी म्हणणार नाही. शेठ समोर आले की अजून क्षणभर वाटतं, हा माणूस काहीतरी लपवतोय. त्यांनाही माझ्याबद्दल तेच वाटत असणार. तरी आम्ही बोलतो, एकमेकांकडे जातो.

तो आवाज त्यानंतर आला नाही. बापूंची वाचाही परत आली नाही. खातात, जरा अंग धरलंय. एकदा मी कुणी नाही बघून त्यांना विचारलं, "बापू, तुम्हीच होता ना?" ते माझ्याकडे नुसतं बघत राहिले. समजलं की नाही, तेही कळलं नाही.

गेल्या महिन्यात वहिनींनी घर रंगवायला काढलं. मला आणि शेठना एकत्रच बोलावलं. म्हणाल्या, "ही पेटी आता न्या बया कुणीतरी. जागा लई खाती. तुमी दोघं ठरवा." ज्या सेटसाठी आम्ही मनात वर्षभर भांडलो, तो समोर होता. मी शेठकडे बघितलं. शेठनी मान हलवली — नको.

मला कुणी विचारलं तर मी आजही सांगेन की त्या पेटीचा आणि त्या आवाजाचा काही संबंध असणं शक्य नाही. वाल्व्ह नाहीत, तार नाही, पहिल्या रविवारी तर लाइटही नव्हती.  पण बापू शेजारी खुर्चीत बसले होते, आणि उद्या त्यांचं दुसरं काही दुखायला लागलं तर...

"वहिनी," मी म्हणालो, "भोवतीनं रंग द्या. पेटी हलवू नका."