नळीवरचा एक

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही — नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला क्रमाने सांगते. क्रम सोडला की मी सोयीचे तेवढेच सांगते, हे मला ठाऊक आहे.

आधी विषय. हिरव्या चहाच्या पानांत एक तुरट द्रव्य असते. बशीत वाढवलेल्या यकृताच्या कर्करोगाच्या पेशींना ते दिले, तर त्यांची वाढ मंदावते. बशी म्हणजे शरीर नव्हे आणि कपभर चहा म्हणजे औषध नव्हे — एवढे ध्यानात असू द्या. आमचा प्रश्न साधा होता: किती कमी मात्रेत हा परिणाम दिसतो? मात्रा फार वाढवली तर निरोगी पेशीही मरतात. मग त्यात शोध कसला?

कोल्हापुरातल्या एका प्रयोगशाळेत आम्ही दोघी यावर काम करत होतो. यास्मिन माझ्यानंतर आली. हुपरीची, घरी पैंजणांचे काम. लहानपणापासून चांदीच्या कड्या जोडलेले तिचे हात थेंब सोडताना कधी कापत नसत. माझ्या बश्यांत बुरशी येई, तिच्या स्वच्छ राहत. प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, माझ्या टेबलावरून पुढे जात — आणि तिच्यापाशी थांबत. सकाळी हातमोजे चढवताना ती म्हणे, "चला ताई, पेशंटास्नी चहा पाजूया." सगळे हसत. मीही हसे. कशी हसत असेन, सांगू? दात दाखवून — आणि तिच्या हातांकडे बघत.

ती मराठी शाळेत शिकलेली. नळ्यांवर, वहीत, सगळीकडे आकडे मराठीत लिही. मराठी एक आणि इंग्रजी नऊ घाईत लिहिले, तर एकमेकांसारखेच दिसतात. मी तिला एकदाही टोकले नाही. का टोकले नाही?

एका सकाळी तिच्या बश्यांत तो परिणाम दिसला — अगदी कमी मात्रेत, दहा एककांच्या. सरांनी द्रवाची नळी उजेडात धरून आकडा वाचला. "नव्वद? एवढ्याला काहीही मरेल."

"दहा हाय, सर!" ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "ताई, तुम्हीच मोजून दिलासा की."

सरांनी मला विचारले.

खरे होते. तिचे हात बश्यांत गुंतले होते, म्हणून द्रव मी मोजून दिला होता. दहा. माझ्याच हातांनी, माझ्याच डोळ्यांनी. एक शब्द पुरला असता — तोही दोन अक्षरांचा.

"आठवत नाही, सर," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी चुकीचे ऐकले असेन आणि आता दुरुस्त करीन, अशी वाट पाहिल्यासारखी. सर म्हणाले, खात्री नाही तर निष्कर्ष नाही, पुन्हा करा. पण तिच्या नेमणुकीची मुदत आठवडाभरात संपत होती आणि मुदतवाढ याच निष्कर्षावर अवलंबून होती. ती हुपरीला परत गेली. जाताना आपल्या पेशी माझ्या हवाली करून गेली — "बघा हं ताई, उपाशी ठेवू नका."

तो प्रयोग नंतर मीच केला. दहाच्या मात्रेत. तेच दिसले. मी ते माझ्या नावाने मांडले, आणि टाळ्या संपेपर्यंत व्यासपीठावर उभी राहिले.

इथे थांबले असते, तर ती एका दिवसाची भ्याड चूक ठरली असती. पण आज मी महाविद्यालयात शिकवते. दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर १ आणि 9 शेजारी शेजारी काढते आणि सांगते: नळीवर आकडे इंग्रजीतच लिहा, मराठीत लिहिल्यामुळे एका हुशार मुलीचे सगळे काम वाया गेले. मुले माना डोलावतात, वहीत उतरवून घेतात. गेल्या जूनमध्येही मी हेच सांगितले.

तिचा आकडा स्वच्छ होता. मी तो वाचला होता.