माझ्या बहिणीचे पाच चौकोन

माझी धाकटी बहीण सर्व्हेच्या ऑफिसात आहे. गल्लीत तिला फॉर्मवाली म्हणतात. मी सातवी शिकलेला, सायकली दुरुस्त करतो, पण तिचा प्रत्येक फॉर्म आधी माझ्यावर चालतो. "दादा, चहाला एक ते पाचमधले किती?" मी म्हणतो, "तूच केलायस, पाच देणं भाग आहे." ती लगेच वहीत टिपते: समोर बसून विचारलं की लोक भिडेनं पाच देतात. असं डोकं आमच्या सात पिढ्यांत झालं नाही.

तर आमच्या वस्तीतला सरकारी दवाखाना बंद करायचं घाटत होतं. ऑफिसनं फॉर्म छापला: दवाखाना वापरता का? हो किंवा नाही, बास. चारशे घरांपैकी तीनशे दहा घरांनी 'नाही'वर खूण केली. साहेब खूश, काम झटक्यात उरकलं.

हिला चैन पडेना. "दादा, शिवणकारखान्यातल्या बाया सहाला सुटतात, दवाखाना पाचला बंद. त्या दुसरं काय म्हणणार?"

साहेब म्हणाले, "छापलेल्या फॉर्मला हात लावायचा नाही. सोमवारी अहवाल जाणार."

"नाही लावत," ही म्हणाली. "दुसरा करते."

नोकरी सहा महिन्यांची, कच्ची. मी म्हटलं, काढून टाकलं तर? म्हणाली, "तुझ्या दुकानात पंक्चर काढीन."

हिनं एकच प्रश्न लिहिला, का जात नाही? खाली चौकोन: गरज नाही, लांब पडतं, वेळ जुळत नाही, इलाज पटत नाही. पाचवा रिकामा, दुसरं काही असेल तर. शनिवार-रविवार त्याच तीनशे दहा दारांत, माझ्या सायकलच्या कॅरियरवर बसून.

एका दारात बाई वैतागली. "परवाच तर नाही म्हटलं ना?"

"म्हटलंत काकू. का, ते आम्ही विचारलंच नव्हतं."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "आणि हा कोण, पहारेकरी?"

"माझा दादा. एरवी फार बोलतो, आज गप्प राहायचं कबूल केलंय."

दोनशे बासष्ट घरं उघडी सापडली. एकशे नव्याण्णवांनी तिसऱ्या चौकोनात खूण केली: वेळ जुळत नाही.

सोमवारी हिनं बेरजेचा कागद साहेबांपुढे ठेवला, साहेबांनी खुणा स्वतः मोजून पाहिल्या. मग त्यांनी तो अहवालाच्या सगळ्यात वर टाचणीनं लावला.

आता दवाखाना दुपारी एक ते रात्री आठ उघडा असतो आणि हिची नोकरी पक्की झाली. पहिल्याच संध्याकाळी रांग फाटकाबाहेर गेली. मी सायकल घेऊन तिथून तीनदा गेलो आणि रांगेतल्या प्रत्येकीला सांगितलं, हे माझ्या बहिणीनं केलंय.