टिकलीखालचा दिवा

आमच्या घराण्यातली पहिली गाडी सेकंडहँड होती. पण बुद्धविहारात नेऊन तिला हार घातला तेव्हा आईने बॉनेटवरून असा हात फिरवला, की मला ती कोरी वाटली. त्या काळात मला बरंच काही वाटायचं. गाडीतलं आपल्याला कळतं, असंही वाटायचं.

याला कारण माझी नोकरी. अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रसायनांच्या कारखान्यात मी बॉयलर सांभाळायचो. तीन मजली बॉयलर सांभाळणाऱ्याला चार माणसांची गाडी म्हणजे काय जड? त्यामुळे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या कडेतून ऑइल पाझरायला लागलं, तेव्हा मी मेकॅनिककडे गेलोच नाही. कारखान्यात पाइपांच्या जोडांना लावायची सिलिकॉनची निळी ट्यूब घरी होती. रविवारी बनियनवर खाली उतरलो आणि बिल्डिंगमधल्या चार लोकांच्या देखत केकवर क्रीम काढावं तशी ती ट्यूब झाकणाभोवती पिळली. ऑइल थांबलं. चारपैकी एकाने मान डोलावली. ती मान मला पुढे पंधरा दिवस पुरली.

त्याच सुमाराला बायकोला लायसन्स मिळालं. ती बदलापूरला शाळेत शिकवायची, तिची आई सोनिवलीत नव्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायची. एकदा आपण गाडी चालवत आईच्या गॅलरीखाली जायचं, एवढी एकच गोष्ट बायकोच्या मनात होती. तिने ती मला एकदाच सांगितली. तिच्या आईला मात्र फोनवर तीनदा सांगितली.

मग एका रविवारी आम्ही सगळे सोनिवलीला निघालो. ती चालवत होती आणि मी शेजारी बसून, माझ्या बाजूला नसलेला ब्रेक दाबत होतो. बदलापूर मागे पडलं आणि डॅशबोर्डवरच्या काट्यांमध्ये एक पिवळा दिवा लागला. त्यावर काहीतरी चित्र होतं. मागून मुलगी म्हणाली, "कासव आहे." माझी आई म्हणाली, "नळ आहे." मी म्हणालो, "इंजिन आहे. सांगत होतो ना, अर्ध्या क्लचवर पाय ठेवून चालवू नकोस. लावली वाट."

बायकोने गाडी बाजूला घेतली, किल्ली काढली, माझ्या तळहातावर ठेवली आणि पलीकडून फिरून दुसऱ्या सीटवर येऊन बसली. सोनिवलीत तिची आई गॅलरीत उभी होतीच. आम्हाला बघून तिने हात वर केला, चालवणारा मी आहे हे दिसल्यावर तो खाली घेतला आणि जावयासाठी म्हणून पुन्हा वर केला.

त्यानंतर बायको शाळेला शेअर रिक्षाने जायला लागली. किल्ली फ्रीजवर, त्या निळ्या ट्यूबशेजारी पडून असायची.

दिवा काही जाईना. गाडी चालायची, पण पेट्रोल जास्त प्यायची आणि सिग्नलला थरथरायची. शेवटी मी माझ्या बुद्धीप्रमाणे उपाय केला. बाथरूमच्या आरशावरची एक मरून टिकली काढली आणि दिव्यावर चिकटवली. बायकोला बोलावून म्हटलं, "बघ. दिवा गेला. चालव आता."

ती वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, ही माझी टिकली आहे."

शेवटी आईनेच मला उल्हासनगरला धाडलं. "तुझा कारखाना तिकडे ठेव," ती म्हणाली, "आणि ज्याला कळतं त्याला दाखव." कॅम्प तीनमध्ये जीन्स शिवणाऱ्या कारखान्यांच्या गल्लीत एका म्हाताऱ्या सिंधी मेकॅनिकचं गॅरेज होतं. आजूबाजूच्या मशिनांतून उडणारा निळा कापूस त्याच्या भुवयांवरही बसलेला असायचा. मुलीसाठी जीन्स घ्यायची म्हणून बायकोही आली. मागच्या सीटवर बसून आली.

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. क्लच, बायकोचं शिकाऊ चालवणं, बॉयलर. त्याने ऐकून घेतलं, आत वाकला आणि नखाने टिकली काढली.

"ये किसने लगाया?"

"मी."

"नजर लागू नये म्हणून?"

मागच्या सीटवरून पहिल्यांदाच हसण्याचा आवाज आला. त्याने मान वळवली. "बेटा, तुझ्या केसातला एक आकडा दे. आणि पुढे येऊन बस, किल्ली फिरव. स्टार्ट नाही करायची."

तो मला नाही, तिला सांगत होता. ती दार उघडून उतरली. मग पुढे येऊन बसली. म्हाताऱ्याने ब्लेडने आकड्यावरचा काळा रंग खरवडला आणि फ्यूजच्या डब्यात, बोट जेमतेम जाईल अशा जागी, त्याची दोन टोकं दोन भोकांत घातली.

"आता दिवा बघ. मोज."

दिवा एकदा लुकलुकला. थांबला. मग तीनदा लुकलुकला. पुन्हा एकदा, थांबला, तीनदा. पुन्हा तसंच. गल्लीत शिलाई मशिनांचा गोंगाट होता, पण मला काही ऐकू येत नव्हतं. मी तोंड उघडं ठेवून बघत होतो. केसातल्या आकड्याने गाडीला वाचा फुटली होती.

"एक आणि तीन," बायको म्हणाली.

"तेरा. ऑक्सिजनवाला सेन्सर." म्हाताऱ्याने आकडा शर्टाला पुसून तिला परत दिला. "गाडी कधीची सांगत होती, सांई. तुम्ही तिच्या तोंडाला टिकली लावली."

धूर जायच्या पाइपावरून त्याने पान्याने तो सेन्सर सोडवला आणि माझ्या हातावर ठेवला. एवढासा, करंगळीएवढा. हा पाइपात बसून धुरात किती ऑक्सिजन उरला ते मोजतो, असं तो म्हणाला. त्यावरून इंजिनाला कळतं पेट्रोल कमी द्यायचं की जास्त. आणि हे एका मिनिटात कितीतरी वेळा.

आमच्या बॉयलरच्या चिमणीत हेच यंत्र होतं. त्याची पेटी कपाटाएवढी, त्याला वेगळा माणूस, आणि त्याचा आकडा मी रोज दोनदा वहीत लिहायचो. पाहुण्यांना मान वर करून दाखवायचो. तेच कपाट करंगळीएवढं होऊन इतके दिवस माझ्या पायाखाली, आगीत आणि अंधारात, न चुकता काम करत होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

म्हाताऱ्याने सेन्सरचं टोक उजेडात धरलं, डॉक्टर जीभ बघतो तसं. "काळं असतं तर पेट्रोल जास्त जळलं म्हटलं असतं. हे सफेद आहे. चुन्यासारखं." मग बॉनेटखाली वाकून झाकणाची कड बघितली. "सिलिकॉन कोणी लावलं?"

मी समोरच्या दुकानातल्या जीन्स बघायला लागलो.

"त्याची वाफ इंजिन पितं," तो शांतपणे म्हणाला. "तीच धुरात येते आणि याच्या तोंडावर बसते. क्लच कितीही रगडा, हे असं सफेद होत नाही."

शेवटचं वाक्य तो बायकोकडे बघून बोलला. ती माझ्याकडे बघत होती.

"फ्रीजवरची ती निळी ट्यूब?" तिने विचारलं.

"थोडीशीच लावली होती," मी म्हणालो.

"सगळ्या बिल्डिंगने बघितलं. केकसारखी लावली होती."

"हो," मी म्हणालो. आणि मग, गल्लीतल्या माणसांकडे न बघता, "तुझी चूक नव्हती. माझीच होती." सांगायला तीन सेकंद लागले. त्याआधी तीन आठवडे लागले होते.

नवा सेन्सर मिळायला चार दिवस गेले, तोवर गाडी गॅरेजमध्येच राहिली. रविवारी सकाळी आम्ही पुन्हा गेलो. म्हाताऱ्याने माझं सिलिकॉन खरवडून काढलं, झाकणाला नीट रबराचं पॅकिंग बसवलं, सेन्सर लावला आणि बॅटरीची वायर थोडा वेळ काढून ठेवली. त्याने गाडीची जुनी आठवण पुसली जाते, म्हणाला. मी बायकोकडे बघितलं. तिची बॅटरी कुठून काढतात हे मला आजही माहीत नाही.

मग त्याने हात पुढे केला आणि बायकोने न विचारता केसातला आकडा काढून दिला. दिवा एकदा लुकलुकला. थांबला. दोनदा लुकलुकला.

"एक आणि दोन. बारा," ती म्हणाली. "बारा म्हणजे?"

"सब ठीक."

एवढ्या आगीतून, तेलातून, माझ्यासारख्या माणसाच्या हातातून जाऊन ते यंत्र पुन्हा म्हणत होतं, सगळं ठीक. मला ते आणखी तीन-चारदा बघायचं होतं. बायकोने आकडा मागून घेतला, केसात खोचला आणि सीट पुढे ओढली. किल्ली तिच्याकडेच होती.

अंबरनाथ आलं. घराचा फाटा आला आणि गेला. माझ्या मांडीवर मुलीसाठी घेतलेल्या जीन्सची पिशवी होती, ती मी दोन्ही हातांनी धरली होती आणि दोन्ही पाय मुद्दाम सीटखाली घेतले होते. बदलापूर मागे पडलं. तो दिवा होता ती जागा मी एकसारखी बघत होतो. तिथे काळोख होता आणि टिकलीच्या गोंदाचा एक गोल डाग.

सोनिवलीत तिने गाडी बरोबर गॅलरीखाली उभी केली आणि हॉर्न दिला. तिसऱ्या मजल्यावर तिची आई बाहेर आली, कठड्यावरून वाकली आणि चालवणाऱ्याच्या जागी लेक बघून तिने दोन्ही हात वर केले. मग पदर सावरत तिने वरूनच विचारलं,

"एकटीच आलीस? जावई नाही आले?"

"आलेत," बायको म्हणाली. "पिशवी धरून बसलेत."