प्लग ओढणारी लॉर्ना

लॉर्ना पेकारेकचं पोट भीतीवर चालायचं. अमेरिकेतल्या मॅडिसनमधल्या एका छोट्या कंपनीत ती फाइल-व्यवस्था लिहायची. यंत्राच्या स्मृतीत काय कुठे ठेवायचं आणि अचानक वीज गेली तर त्यातलं काय शाबूत राहील, याचा बंदोबस्त करायचा, हे तिचं काम. घरातून निघताना स्टोव्ह बंद आहे ना हे दोनदा बघणारी बाई ती. इथे त्याच खोडीचा तिला पगार मिळे.

ती जिच्यावर काम करायची ती स्मृती वीज गेली तरी विसरत नाही. पण ताजं लिखाण तिथवर पोचण्याआधी प्रोसेसर ते थोडा वेळ स्वतःच्या खिशात ठेवतो. 'खिसा रिकामा कर' असा हुकूम द्यावा लागतो, आणि हुकमागणिक वेळ जातो. हुकूम वाढवले की काम रेंगाळतं. कमी केले की वीज जाताना खिशातलं खिशातच विरून जातं. या दोहोंच्या मध्ये नेमकं कुठे उभं राहायचं, यावर लॉर्नाने अर्धं आयुष्य घालवलं होतं.

कंपनीत एक रीत होती. ज्याने बदल केला, त्यानेच चालू यंत्राचा प्लग भिंतीतून ओढायचा. सगळे भोवती जमत, चीजचे तुकडे तोंडात टाकत. यंत्र पुन्हा सुरू झालं आणि फाइल फाटलेली, म्हणजे थोडी नवी थोडी जुनी, निघाली, तर ओढणाऱ्याने शुक्रवारी सगळ्यांना तळलेले मासे खिलवायचे. लॉर्नाने फार वर्षांत कुणाला मासे खिलवले नव्हते.

मग नवं यंत्र आलं. वीज जाताच साठवलेल्या ताकदीवर ते स्वतःच खिसा रिकामा करायचं.

"मग आपले हुकूम कशाला?" तिच्या शेजारी बसणारा गस टोलेफसन म्हणाला. "लॉर्ना, तू धुतलेली भांडी परत धुतेस काय गं?"

"दोनदा धुते ती," साहेब ड्वेन म्हणाले, "आणि मग नळ बंद आहे का बघायला परत येते." सगळे खो खो हसले.

"जुन्या यंत्रांचं काय?" लॉर्नाने विचारलं.

"ज्याचं जुनं असेल तो बसवताना हाताने सावध पर्याय निवडेल. न निवडलं तर वेगवान, हुकमांशिवाय," ड्वेन म्हणाले.

भित्री म्हणवून घ्यायचा तिला त्या दिवशी कंटाळा आला होता. "बरं," ती म्हणाली. आठवडाभर तिने नव्या यंत्राचे प्लग ओढले. काही फाटलं नाही.

फेब्रुवारीत, बर्फाचा पाऊस तारांवर गोठत होता त्या दुपारी, जोसीचा फोन आला. जोसी म्हणजे तिची लेक, उत्तरेकडच्या एका रुग्णालयात तान्ह्या बाळांच्या वॉर्डात नर्स.

"आई, आमच्या औषधांच्या नव्या सिस्टीमवर तुझ्या कंपनीचं नाव आहे गं! भाव खाऊन घेतला मी. यंत्र मात्र भंगारातून उचलल्यासारखं दिसतंय."

लॉर्ना म्हणाली, "त्यावरची चिठ्ठी वाच."

जोसीने वाचलं. जुनं यंत्र होतं. स्वतःहून खिसा रिकामा न करणारं.

लॉर्नाने रुग्णालयाच्या संगणक-विभागात फोन लावला. आर्विड नावाचा माणूस शांतपणे म्हणाला, "बाई, आम्ही वेगवान ठेवलंय. तुम्हीच तसं पाठवलंत की."

"ते बदला. आत्ता."

"त्याला सिस्टीम बंद करावी लागेल. या वादळात वॉर्ड बंद करू? जनरेटर आहे, तळघरात बॅटऱ्या आहेत."

"त्या यंत्राला बॅटरी जोडलीय?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग, "ते वॉर्डातल्या कपाटात आहे. भिंतीतल्या सॉकेटवर."

लॉर्नाने जोसीला पुन्हा फोन केला. "रिकाम्या कुप्या फेकू नका. ज्या बाळाला औषध दिलं, त्याच्याच पाळण्यापाशी ठेवा. सगळ्या जणींना सांग."

"आई, मी बाळं सांभाळू की तुझा कचरा?"

"जोसी, मी पाया पडते तुझ्या."

"बाई गं! सांगते, सांगते." लांबून तिचं ओरडणं ऐकू आलं, "हिल्डा, आमच्या मातोश्रींचं फर्मान आहे!" कुणीतरी हसलं. जोसी परत आली, आणि हिल्डाला आधी कॉफी लागते, मग बाळं, असलं काहीबाही सांगत बसली. लॉर्ना फोन ठेवेना.

बोलता बोलता जोसी थांबली. "दिवे गेले."

फोनवर यंत्रांची कुईकुई ऐकू आली. लॉर्नाने दातांत नख धरलं. मग जनरेटरची घरघर सुरू झाली, आणि बऱ्याच वेळाने जोसी म्हणाली, "आली स्क्रीन. सगळं जिथल्या तिथे. उगाच जीव खाल्लास माझा. अगं बाई, तिसऱ्या पाळण्याचं हृदयाचं औषध राहिलंय की. हिल्डा जेवायला गेली वाटतं. थांब, देऊन येते."

"जोसी, कुपी बघ!"

फक्त पावलं वाजली. कधी नव्हे ती लॉर्नाने देवाची आठवण काढली.

"आई." जोसीचा आवाज अगदी बारीक झाला होता. "कुपी रिकामी आहे. हिल्डाने दिलंय. स्क्रीन म्हणते, दिलं नाही."

"स्क्रीनचं ऐकू नका. सगळे पाळणे बघा. आर्विडला म्हणावं, बंद कर ते."

"माझ्या हातात सिरिंज होती, आई."

"खाली ठेव ती, बाळा."

या वेळी आर्विडने काही विचारलं नाही. वॉर्डातल्या नोंदी कागदावर सुरू झाल्या.

लॉर्ना उठली, अडगळीतून एक जुनं यंत्र ढकलत प्रयोगशाळेत आणलं, त्यावर वेगवान पर्याय चालवला आणि प्लग ओढला. पुन्हा सुरू झालं तेव्हा 'पूर्ण' अशी खूण जागेवर होती आणि आत मजकूर आदल्या नोंदीचा. गसने चीजचा तुकडा परत डब्यात ठेवला.

"यंत्राने स्वतः खात्री दिली नाही, तर प्रत्येक वेळी हुकूम," लॉर्ना म्हणाली. "कुणाच्या निवडीवर सोडायचं नाही."

"जुन्या यंत्रांवर वेग निम्म्यावर येईल," ड्वेन म्हणाले.

"येऊ दे."

कुणी हसलं नाही. तो बदल लिहून झाल्यावर तिने जोसीला फोन लावला.

"तिसऱ्या पाळण्यातलं बाळ?"

"झोपलंय, आई. ठोके ठीक आहेत."

"बरं," लॉर्ना म्हणाली. मग फोन न ठेवताच पुन्हा विचारलं, "तू आत्ता बघितलंस ना?"

"थांब," जोसी म्हणाली, आणि परत बघायला गेली.