कावळ्याला दिलेला शब्द

सिस्टरचं आणि माझं भांडण झालं ते एका कावळ्यावरून. आज हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय, पण तेव्हा मी अशी पेटले होते की सिस्टरपुढे ठेवलेला चहा उचलून परत आत नेला. ओतूरपासून थोडं आत आमची शेती आहे आणि गाईंचा गोठा आहे. दारात आलेल्या माणसाचा चहा परत नेण्याचा पराक्रम आमच्या घरात त्याआधी कुणी केला नव्हता.

गोठ्यावर झारखंडचं एक जोडपं होतं. आमच्याकडे आता गोठे, पोल्ट्र्या, टोमॅटोची बांधणी, सगळं परमुलखातल्या माणसांच्या हातावर चालतं. आपली पोरं चाकणला कंपनीत जातात आणि सुट्टीला घरी आली की शेणाच्या वासानं नाक धरतात. हे दोघं गोठ्याला लागून असलेल्या खोलीत राहायचे. मूलबाळ नव्हतं. तो अबोल, ती त्याहून अबोल. मला तर बोलल्याशिवाय अन्न पचत नाही, म्हणून त्या दोघांच्या वाटचंही मीच बोलायचे. त्यांच्या भिंतीवर लाकडी क्रूस होता. तो कॅलेंडर अडकवायला ठोकलाय, असं मला कित्येक दिवस वाटत होतं.

सिस्टर म्हणजे ख्रिस्ती नन, अधूनमधून रविवारी पुण्याहून एसटीनं यायच्या. फिकी साडी, मोकळं कपाळ, खांद्याला पिशवी. परगावी कामाला आलेल्या माणसांकडे बघायचं, हे काम त्यांच्या चर्चनं त्यांना दिलेलं होतं. आसपासच्या गोठ्यांवरची ख्रिस्ती माणसं आमच्या चाऱ्याच्या शेडमध्ये जमायची, प्रार्थना म्हणायची. मग सिस्टर एकेकाचं ऐकून घ्यायच्या. कुणाच्या पोराला शाळेत बसवून घेत नाहीत, कुणाला दवाखान्यात कुणी दाद देत नाही. ऐकलं की त्या पिशवी उचलायच्या आणि त्या त्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. काम होईपर्यंत हलायच्या नाहीत.

गावात कुजबुज सुरू झाली की ही बाई माणसं बाटवायला येते. पोटात ठेवायची मला सवय नाही. मी सरळ विचारलं.

"सिस्टर, तुमी ह्यांना बाटवायला येता का?"

"ताई, ह्यांच्या आज्या-पणज्यापासून हे ख्रिस्तीच हायेत," त्या म्हणाल्या. "मी आणखी काय बाटवू?"

बाई तर आमच्याच बोलीत बोलत होती. मला वाटत होतं बाई केरळची असेल, नाहीतर गोव्याची. निघाल्या संगमनेरकडच्या, आळेफाट्यापुढे घाट उतरला की त्यांचं माहेर. बाजरीची भाकरी माझ्यापेक्षा पातळ थापायच्या. आता संगमनेरच्या बाईनं झारखंडच्या माणसांसाठी ओतूरला खेटे का घालायचे, हे कोडं मला सुटेना. तेही विचारलं. त्या म्हणाल्या, "आमचा देव तान्हा असताना राजा त्याच्या जिवावर उठला व्हता. आईबाप त्याला घेऊन दुसऱ्या मुलखात पळाले. परक्या गावात राहिले."

"मग तिथं त्यांना खोली कुणी दिली?"

सिस्टरनी विचार केला. "ते काय लिहिलेलं न्हाई. दिली असंल कुणीतरी."

हे उत्तर मला पटलं की नाही, ते सांगता येत नाही. पण त्या दिवसापासून मी त्यांच्या चहात आलं घालायला लागले.

मग गोठ्यावरचा तो माणूस गेला. ताप आला, अंगावर काढला, आम्ही जुन्नरला नेलं, तिथून पुढे पुण्याला. सिस्टर दवाखान्यात त्याच्या बायकोजवळ बसून होत्या. माणूस हाती लागला नाही. झारखंडला नेणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून सिस्टरनीच धावपळ करून पुण्याच्या ख्रिस्ती दफनभूमीत जागा मिळवली. आम्ही नवरा-बायको मातीला गेलो होतो. मी आयुष्यात पहिल्यांदा माणूस पुरताना पाहिला. मीही मूठभर माती टाकली.

घरी आलो आणि तांबडी गाय पान्हा सोडेना. तिची धार तोच काढायचा. शेजारचे एक म्हातारे भाऊ येऊन गाईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "त्याचा जीव हितंच घुटमळतोय. तुमच्या दारात राबला, त्याला पानी नको द्यायला?" मला ते एकदम पटलं. त्याची माती त्याच्या रीतीनं झाली, पण राहिला तर तो आमच्यात होता. आम्ही नदीवर त्याचा दहावा घातला. त्याची बायको त्या दिवशी सिस्टरबरोबर पुण्याला, चर्चमधल्या त्याच्या प्रार्थनेला गेली होती. म्हणजे एका माणसासाठी एकाच दिवशी दोन ठिकाणी दोन देवांना हाका चालल्या होत्या, आणि त्यात मला तेव्हा काहीच वावगं वाटलं नाही.

घाटावर पिंड ठेवला, शेजारी पानावर भात आणि त्याला आवडते म्हणून सुकट. कावळे समोरच्या झाडावर बसून होते, पण एकही खाली येईना. आमच्यात कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली, असं धरतात. मग जमलेले लोक एकेक अंदाज करून त्याला शब्द देत जातात. ह्यांनी सांगितलं, "तांबडी विकणार न्हाई." कावळा हलला नाही. भाऊंनी विडी ठेवली. काही नाही. उन्हं चढली, माणसं टेकीला आली. मी हात जोडून पुढे झाले आणि म्हणाले, "तुझी बायकू आमी तुझ्या गावी सुखरूप पोचती करू. तू घोर करू नको."

कावळा झपकन आला आणि पिंडाला चोच मारली.

आम्ही सगळे सुटलो. मला रडू फुटलं. ह्यांनी त्याच संध्याकाळी झारखंडला तिच्या दिराला फोन केला. तो म्हणाला, पाठवा, आम्ही स्टेशनवर येतो. तिकीट काढलं. ती पुण्याहून परत आल्यावर मी तिला सगळं सांगितलं, कावळ्याचंसुद्धा. ती म्हणाली, "हो काकी." ती माझ्या सगळ्याच बोलण्याला हो काकी म्हणायची.

त्यानंतर सिस्टर आल्या. मी चहा ठेवला आणि मोठ्या अभिमानानं कावळ्याची हकिकत सांगितली. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "कावळ्याला इचारलं. तिला इचारलं का?"

चहा परत गेला तो इथे. मी म्हटलं, तुम्हाला आमच्या रीती काय कळणार, माणूस आमच्या दारातून गेलाय, त्याचा जीव आम्ही मोकळा केलाय, आणि आता तुम्ही मध्ये फाटे फोडू नका. आणखीही बरंच म्हटलं. सिस्टर उठल्या नाहीत. माझा दम संपला तेव्हा शांतपणे म्हणाल्या, "ताई, गोठ्यात चला. माझ्याजवळ ती बोलती. पर ती तुमच्यापुढं बोलली पायजे."

ती धार काढत होती. सिस्टरनी हिंदीत विचारलं. तिनं हात थांबवला नाही, तोंड गाईच्या पोटाकडेच ठेवलं आणि मराठीत म्हणाली, "काकी, मला नाय जायचं."

"का गं? घर हाय ना तिकडं?"

"घर दिराचं आहे. आणि तो इथे आहे ना."

"कोण?"

"तो. पुण्याला."

मला क्षणभर कळेचना. मग कळलं. आमच्यात माणूस जळतो, राख नदीला जाते, मागे काही उरत नाही. त्याला कुठे शोधायला जायचं, हा प्रश्नच येत नाही. हिचा माणूस मात्र पुण्याला एका जागी होता. एसटीत बसून ती त्याच्याजवळ जाऊ शकत होती, फुलं ठेवू शकत होती. आणि मी तिला त्याच्यापासून रेल्वेनं दोन दिवस लांब नेऊन सोडणार होते, तेही त्याच्याच इच्छेनं, असं सगळ्या गावासमोर ठरवून.

रात्री ह्यांच्याशी वाद झाला. हे म्हणाले, "शब्द दिलाय. मेलेल्याला दिल्याला शब्द फिरवत न्हाईत." मी म्हटलं, "आन जित्या माणसानं काय करायचं?" हे कूस बदलून झोपले. इकडे आड, तिकडे विहीर. कावळा खरंच शिवला होता, माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मग त्याला काय हवं होतं? का त्याला तेव्हा नुसती भूक लागली होती? असा विचार मनात आल्यावर मला माझीच भीती वाटली. माझ्या आईच्या, सासऱ्यांच्या दहाव्यालाही आम्ही असेच अंदाज केले होते.

सिस्टर त्या रात्री तिच्याच खोलीत राहिल्या होत्या. सकाळी मी तिला खरं ते सांगितलं. म्हटलं, "बाई, तू राहा. पर नदीवर दिल्याला शब्द मला घरात बसून मागं घेता येत न्हाई, माझा जीव ऱ्हात न्हाई." सिस्टर समोरच होत्या. त्यांच्या तोंडावरून दिसत होतं की हे त्यांच्या पचनी पडत नाही. पण तीच म्हणाली, "मग मी सांगते त्याला."

तिनं भात केला, पातळ डाळ केली, बटाटा उकडून मिरची-तेल घालून कुस्करला. मी म्हटलं, सुकट घे, त्याला आवडायची. ती म्हणाली, "सुकट मला आवडते, काकी. तो माझ्यासाठी आणायचा."

एवढी वर्षं माणूस माझ्या नजरेसमोर होता आणि मला त्याच्या ताटातलंही माहीत नव्हतं.

आम्ही तिघी नदीवर गेलो. सिस्टर घाटाच्या वरच्या पायरीवर थांबल्या. तिनं पान मांडलं, शेजारी बसली आणि तिच्या भाषेत बोलायला लागली. एवढं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. मला फक्त पुणे कळलं आणि काकी कळलं. काकीबद्दल ती काय बोलली, ते विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.

कावळे होते. एक खाली उतरला, पानाभोवती फिरला आणि उडून गेला. आम्ही वाट बघितली. उन्हं वर आली. माझ्या तोंडात शब्द येत होते, त्याला हे सांग, ते सांग, पण मी ओठ दाबून धरले. शेवटी तिनं पान मांडीवर ओढलं आणि त्यातलं जेवायला लागली.

मेलेल्यासाठी काढलेलं पान! मी घाबरून सिस्टरकडे पाहिलं. त्याही तिच्याकडेच बघत होत्या आणि त्यांचे डोळे भरले होते. तिनं सावकाश सगळा भात संपवला, डाळ बोटानं पुसून घेतली. नवरा गेल्यापासून तिला पोटभर जेवताना मी पाहिलं नव्हतं. हे पाप झालं की पुण्य, शब्द फिटला की मोडला, मला काही म्हणजे काही समजेना. तिनं नदीत हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाली, "चला काकी, गाई सोडायच्यात."

हे दारातच उभे होते. मला बाजूला घेऊन त्यांनी हळूच विचारलं, "शिवला का?"

"ती जेवली," मी म्हटलं. "तिकीट रद्द करा."