अण्णांचा वन्समोर

मार्गशीर्षातला पहिला रविवार, १९७४. दुपारचा प्रयोग. हजर : जाधव वकील, नाना शिंपी, माझ्या शाळेतल्या कुसुमताई, वन्समोर अण्णा आणि मी. गैरहजर : कोणी नाही.

माझ्या वहीतलं ते पान असं सुरू होतं. मी शाळेच्या कचेरीत कारकून, म्हणून आमच्या नाटकवेड्या पाच जणांची वहीही माझ्याकडेच आली. कोल्हापुरात नवं नाटक लागलं की आम्ही ते बघायचो. मग समोरच्या हॉटेलात चहा, प्रत्येकाचं मत, आणि सोमवारी सकाळी त्या नाटक मंडळींना एक पोस्टकार्ड. कार्डाची शेवटची ओळ ठरलेली : ‘वरील मत सर्वानुमते.’ खाली पाच नावं. पुष्कळ मंडळी उत्तर पाठवत. ते मी पुढच्या नाटकाच्या दिवशी वाचून दाखवत असे.

अण्णा शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर तोलाईचं काम करत. ढेपांची वजनं पुकारून त्यांचा आवाज असा तयार झाला होता की रस्त्यापलीकडच्या दुकानात बसूनही वजन लिहून घेता यावं. नाट्यगृहात तो आवाज एकदाच लागायचा. एका नाटकाला एकच वन्समोर, हा त्यांचा नियम. कित्येकदा तर तो एकही न देता ते उठायचे. गाणाऱ्याला जरा उत्तेजन म्हणून द्या की अण्णा, असं कुसुमताई म्हणाल्या, तेव्हा ते म्हणाले, “हलका माल दोनदा काट्यावर घातला म्हणून जड व्हतोय व्हय?” म्हणूनच ज्याला तो वन्समोर मिळे, तो गाणं थांबवून अंधारात त्यांच्या दिशेने हात जोडायचा. नेहमी येणाऱ्या गायक नटांना तो आवाज माहीत होता.

नाटक आपण दोनदा बघतो, असं ते सांगत. एकदा तिथं आणि एकदा चुलीपाशी. त्यांच्या मालकीणबाई, म्हणजे पत्नी, कधी नाट्यगृहात आल्या नाहीत. अण्णा दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात पाटावर बसून त्यांना सगळं नाटक पदांसकट सांगायचे आणि त्या भांडी घासत ऐकायच्या. मी म्हणते त्या रविवारी बाईंना जाऊन दोन वर्षं झाली होती. नाटक अण्णा एकदाच बघत होते.

त्या दिवशीचं नाटक पुण्याच्या कॉलेजातल्या मुलामुलींनी बसवलेलं संगीत नाटक होतं. एका घराचं छप्पर कंटाळून निघून जातं आणि घरातली माणसं छत्र्या घेऊन ते शोधायला निघतात. आजोबांची खुर्ची झालेली असते आणि ती गाते. थोरल्या मुलीचं लग्न एका खिडकीशी लागतं, मंगलाष्टकांसकट. मध्येच सगळे उलटे चालत येतात आणि अर्धा तास कुणी सरळ चालत नाही. पहिल्या घंटेपासून गंभीर बसलेलं आमचं कोल्हापूर खिडकीच्या लग्नाला फुटलं. मागून कुणीतरी ओरडलं, “पावणं, काचा संभाळा.” तिथून पुढे नाटक रंगमंचावर कमी आणि खाली जास्त चाललं होतं.

शेवटी एक मुलगी नुसत्या दाराच्या चौकटीत बसून गायली. ती छपराला परत बोलवत होती. गाण्यात दुसरं काही नव्हतं, घरातल्या वस्तूंची नावं होती. तवा, उलथनं, तांब्या, फुंकणी. लोक प्रत्येक नावाला हसत होते. गाणं संपलं आणि त्या हसण्यावरून अण्णांचा आवाज गेला : “वन्समोर!”

सगळं नाट्यगृह खदखदून हसलं. म्हाताऱ्याने काय टोला हाणला, असं सगळ्यांना वाटलं. त्या मुलीलाही तसंच वाटलं असावं. तिने एकदा आवाजाच्या दिशेने पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि ती आत निघून गेली. पुढचा प्रवेश झालाच नाही. पडदा पडला.

हॉटेलात आमची मतं नुसती फुलत होती. नाना म्हणाले, त्या पोराच्या अंगरख्याला बाह्या चार. उरलेल्या दोन कुणाच्या ते तिसऱ्या अंकात कळंल म्हणून बसलो, तर तिसरा अंकच न्हाई. वकिलांचं म्हणणं, फिर्याद कुणाची ते समजलं नाही, पण छप्पर निर्दोष सुटलं. कुसुमताईंनी खुर्चीला पहिलं बक्षीस दिलं, कारण ती एकटीच शेवटपर्यंत आपलं काम विसरली नाही. मी हसून हसून लिहीत होते आणि प्रत्येक मताला आकडा घालत होते. अण्णांचा चहा तसाच होता. त्यांना कुणी विचारलं नाही. त्यांचं मत तर सगळ्या गावाने ऐकलं होतं.

उठताना ते माझ्याजवळ आले. मला ते चिटणीस म्हणत.

“चिटणीस, माझं येगळं लिव.”

“काय लिहू?”

“वन्समोर खरा हुता म्हणून लिव. तिनं भांड्यांची नावं घेतली न्हवं, तवा माझं घर दिसलं मला. त्ये घराचं न्हाई लिवलंस तरी चालंल. पर खरा हुता, एवढं त्या पोरीला कळू दे. रडत गेली ती.”

मी लिहिते म्हटलं.

रविवारी संध्याकाळी कार्ड लिहायला घेतलं. तीन मतं इतकी छान जमली होती की एकही शब्द गाळवेना. खाली एका ओळीपुरती जागा उरली. तिथे हाताने सवयीने लिहिलं : ‘वरील मत सर्वानुमते.’ खाली पाच नावं, त्यात अण्णांचं. लिहून झाल्यावर चूक लक्षात आली, हे मी कबूल केलं पाहिजे. कार्ड फाडून दुसरं लिहिता आलं असतं. पण अक्षर चांगलं आलं होतं. अण्णांचं वेगळं कार्ड उद्या टाकू, असं ठरवून मी कामांच्या यादीत ‘अण्णांचं कार्ड’ लिहिलं आणि पहिलं कार्ड सोमवारी पेटीत टाकलं. मग शाळेची तपासणी आली. पुढच्या आठवड्याच्या यादीत ते काम मी पुन्हा लिहिलं. त्याच्या पुढच्याही.

महिन्याने उत्तर आलं. चारच ओळी, त्या मुलीच्याच हातच्या. ‘आपलं पाचही जणांचं मत पोचलं. वन्समोर देणाऱ्या गृहस्थांचा आवाजही पोचला. ते गाणं आम्ही नाटकातून काढलं आहे. ते माझ्या आईचं होतं.’

हे पत्र मी वाचून दाखवलं नाही. कुणी त्या मंडळींबद्दल विचारलं तेव्हा उत्तर आलं नाही, असं मी म्हणाले. वकील म्हणाले, काय देणार उत्तर बिचारे. फक्त अण्णा दर नाटकाला विचारायचे, “आलं का गं पत्र?” मी नाही म्हणायचे आणि वही उघडायचे.

त्यानंतर अण्णांनी वन्समोर दिला नाही. चांगली चांगली गाणी झाली, नाना कोपराने ढोसायचे, अण्णा हात मांडीवर ठेवून बसून राहायचे. वयाने आवाज गेला, असं बाकीच्यांनी ठरवलं. मी शाहूपुरीतून रोज जायचे. अडतीवर वजनं पूर्वीसारखीच रस्त्यापलीकडे ऐकू येत होती.

काम सुटल्यावर ते चंदगडला लेकीकडे राहायला निघाले. मी एसटी स्टँडवर सोडायला गेले. पिशवीत ते पत्र होतं. दाखवायचं, असं घरून ठरवून निघाले होते. गाडीला वेळ होता, तरी मी त्यांना लेकीचा पत्ता विचारला, औषधं घेतलीत का विचारलं, छत्री, पाण्याचा तांब्या, सगळं मोजून पाहिलं. गाडी हलली तेव्हा अण्णांनी खिडकीतून डोकं काढलं.

“चिटणीस, माझं ते लिवलंस न्हवं?”

“लिहिलं अण्णा.”

“मग झालं,” ते म्हणाले आणि समाधानाने मागे टेकले.

चंदगडच्या दुसऱ्याच पावसाळ्यात ते गेले. लेकीचं पत्र आलं, त्यात होतं की शेवटी शेवटी ते तिला सकाळी स्वयंपाकघरात बसून नाटकं सांगायचे. एक नाटक मात्र तिला नीट कळलं नाही, त्यातलं छप्पर कुठे गेलं होतं?

त्या गाणाऱ्या मुलीचा पत्ता मी मिळवला आहे. ती आता साताऱ्याला गाणं शिकवते. कार्डावर पत्ता घातला आहे. ‘वन्समोर खरा होता’ ही ओळही लिहिली आहे. इतर कुणाचं मत नाही, आकडे नाहीत, ‘सर्वानुमते’ नाही. खाली एकच नाव लिहायचं आहे, अण्णांचं. मागे एकदा ते त्यांना न विचारता मी चुकीच्या जागी लिहिलं होतं. या आठवड्याच्या यादीत काम पहिलंच आहे. त्यावर अजून रेघ मारलेली नाही.