बाजूचा राम राम

सानगडीला आमच्या शेजारचे काका रेडिओवर बातम्या लागल्या की घरापुढच्या सपरीत येऊन बसत आणि समोरून जाणाऱ्याला हटकून राम राम घालत. बाजूने आलेल्याकडे मात्र बघतही नसत. "औंदा धान बरं झालं, तं म्हाताऱ्याले माज आला," लोक म्हणाले, आणि त्यांच्याजवळ येऊन बसणारे एकेक करून यायचे थांबले.

पुढे नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे. बाजूची नजर गेली ती गेली. समोरची टिकवायला रोज थेंब घालायचे. काका न चुकता घालत. पण आमच्या शहाण्या गावाला मोतीबिंदू तेवढा ठाऊक! "समोरचं दिसते अन् बाजूचं नाही, असं कुठी असते काय?"

तेव्हापासून बाजूला जरा काही वाजलं की काका मान वळवायच्या आधीच राम राम म्हणून टाकत. उत्तर क्वचितच येई.

एकदा मी शेजारी बसलो होतो. खुरं वाजली. काका म्हणाले, "राम राम!"

"काका, बकरी होय ते."

"मालूम आहे मले," ते म्हणाले. "पण ते रोज येते ना."